उद्यमनगरातली मिसळ: दोघांचा सकाळचा बेत

कोल्हापुरात मिसळ खायची तर सकाळीच. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा ही नावं बाहेरच्यांनाही पाठ असतात. आम्ही दोघांनी उद्यमनगर धरलं. लेथ आणि फाउंड्रीच्या शेडांमधून वाट काढत मिसळीपर्यंत पोचायचं, यातच निम्मी गंमत आहे. स्टँडवरून रिक्षा करा. स्वतःची गाडी असेल तर गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत टेम्पो वळत असतात.

रविवारी उशीर केला की रांग ठरलेली. शिवाय ही दुकानं दुपारपर्यंतच चालतात, आणि साप्ताहिक सुट्टी कधी तेही आधी विचारून घ्या. दोघेच असाल तर टेबलावर अनोळखी मंडळी बसणार, त्यात संकोच कसला!

ताटलीत मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वर चिवडा-फरसाण, कांदा, कोथिंबीर. कट, म्हणजे तिखट पातळ रस्सा, वेगळा येतो. नवखा माणूस इथेच फसतो: सगळा कट एकदम ओततो आणि दोन मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो. दोन-तीन हप्त्यांत घ्या. वाढायच्या आधी कट तळापासून ढवळा, नाहीतर पहिल्या पळीत नुसता तवंग येतो आणि खाली भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-तिळाचा मसाला तसाच राहतो. लालभडक रंगाला घाबरू नका. रंग बराचसा ब्याडगीचा असतो. खरा जाळ संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीचा.

पाव म्हणजे इथे स्लाइस ब्रेड. लादीपाव मागाल तर वाढपी तुमच्याकडे बघेल. अख्खी स्लाइस बुडवली की मधोमध तुटून कटात पडते, म्हणून चार तुकडे करून कडेकडेने टिपा. कट बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतो, जादा स्लाइसचे पैसे लागतात. दोघांत एक दही मागवाच. तिखट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ग्लासामागून ग्लास रिचवून फक्त पोट फुगतं. दह्यानं मात्र तोंड लगेच निवतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी खाऊन झाल्यावर हात साबणानं दोनदा धुवावेत.

उरलेला दिवस मोकळा असेल तर संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर पिळून फेसाळ ग्लास हातात देतात. दूध कच्चं असतं, तेव्हा लहान मुलं आणि गरोदर बायकांनी ते टाळलेलं बरं.