नेटवर्कवरचा लिनक्स लॅपटॉप ऑफलाइन वापरताना येणाऱ्या लॉगिनच्या अडचणी

ज्या लिनक्स लॅपटॉपची खाती मध्यवर्ती सर्व्हरवर आहेत, तो नेटवर्कपासून दूर नेला की कधी पासवर्ड नाकारला जातो, तर कधी पासवर्ड स्वीकारूनही डेस्कटॉप उघडत नाही. या दोन्ही तक्रारींना ‘लॉगिन होत नाही’ असेच म्हटले जाते, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

पासवर्ड नाकारला जात असेल, तर पाहायचे ते एसएसएसडीकडे. ही सेवा सर्व्हरवरील खात्यांची माहिती लॅपटॉपवर साठवून ठेवते. पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून गणिताने बनवलेली, तो पडताळण्यासाठीची खूण) मात्र ‘कॅश क्रेडेन्शियल्स’ हा पर्याय चालू केला तरच साठवला जातो, आणि मुळात तो बंद असतो. तो चालू केल्यानंतर नेटवर्क असताना एकदा पासवर्ड देऊन लॉगिन करणेही आवश्यक आहे, कारण एसएसएच-कीने, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरून, केलेल्या लॉगिनमध्ये एसएसएसडीच्या हाती पासवर्ड येतच नाही. सर्व्हरवरचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलला असेल, तर ऑफलाइन लॅपटॉपवर जुनाच पासवर्ड चालतो. काही अडले की एसएसएसडीच्या कॅशच्या, म्हणजे साठवलेल्या माहितीच्या, फाइल पुसून टाकाव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. नेटवर्क हाताशी असेल तर तो ठीक आहे, पण प्रवासात तसे केल्यास साठवलेला हॅशही जातो आणि आत शिरण्याचा तो मार्ग बंद होतो.

माझ्या मते अधिक त्रासदायक प्रश्न होम डिरेक्टरीचा, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइली व सेटिंग्ज असलेल्या फोल्डरचा, आहे, आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. होम डिरेक्टरी एनएफएसवर (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत) असेल आणि ती ‘हार्ड’ पद्धतीने माउंट केलेली, म्हणजे लॅपटॉपला जोडलेली, असेल, तर सर्व्हर उत्तर देत नसताना कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याच विनंत्या पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि त्या फाइलींची वाट पाहणारा प्रोग्राम अडकून पडतो. पासवर्ड बरोबर असूनही पडदा गोठतो तो यामुळेच, आणि कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून मजकुरी कन्सोलवर गेले तरी त्याच खात्याने आत जाता येत नाही. बाहेर न्यायच्या लॅपटॉपवर होम डिरेक्टरी स्थानिक डिस्कवरच असावी आणि सर्व्हरवर फक्त तिची प्रत ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. एनएफएसचे इतर माउंट एफएसटॅबमध्ये (यंत्र सुरू होताना काय माउंट करायचे त्याची यादी असलेली फाइल) असतील, तर त्यांना ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे सर्व्हर न सापडल्यामुळे यंत्र सुरू होताना अडणार नाही.

याखेरीज सुडोचा, म्हणजे प्रशासक म्हणून आदेश चालवण्याचा, अधिकार असलेले एक स्थानिक खाते असलेच पाहिजे. सगळ्या वापरकर्त्यांच्या होम डिरेक्टरी जिच्यात असतात ती संपूर्ण ‘होम’ डिरेक्टरीच एनएफएसवरून येत असेल, तर या खात्याची डिरेक्टरी तिच्या बाहेर, उदाहरणार्थ स्थानिक डिस्कवरच्या ‘व्हार’ डिरेक्टरीखाली, ठेवावी, नाहीतर संकटासाठी ठेवलेले खातेही त्याच ठिकाणी अडकते.

ऑफलाइन लॉगिन झाले तरी केर्बेरॉसचे तिकीट, म्हणजे नेटवर्कवरच्या सेवांना ओळख पटवणारा तात्पुरता परवाना, मिळत नाही. नेटवर्क परत आल्यावर तिकीट घेण्यासाठी ‘केइनिट’ हा आदेश चालवावा लागतो, किंवा पासवर्ड तेवढ्यापुरता कर्नलच्या कीरिंगमध्ये (गुपिते ठेवण्याच्या जागेत) ठेवून नंतर आपोआप तिकीट घेण्याचा एसएसएसडीचा पर्याय आधीच चालू करून ठेवावा लागतो. घड्याळात सर्व्हरपेक्षा ५ मिनिटांहून अधिक फरक पडला असेल, तर सहसा तिकीट नाकारले जाते. म्हणून बराच काळ बंद राहिलेल्या लॅपटॉपवर आधी वेळ जुळवून घ्यावी.