पहिलं पाणी

त्या गल्लीचं पाणी 'पिण्यास योग्य' असं मी तीनदा लिहून दिलं. तिन्ही अहवाल बरोबर होते, आणि तेच मला अजून पचत नाही.

कोल्हापुरातल्या जयंती नाल्याकाठची गल्ली, पाण्याच्या लाईनच्या पार शेवटाला. काविळीचे पेशंट निघाले म्हणून नमुने घ्यायला आम्हाला धाडलेलं. २०१२ ला इचलकरंजीत साथ आली, तेव्हापासून कावीळ म्हटलं की इकडे पोटात गोळाच येतो. नमुना घेणं म्हणजे नुसती बाटली भरणं नव्हे. तोटीचं तोंड ज्योतीवर तापवायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग भरायचं. निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसेल तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. मग बाटली बर्फात. यात मी कधी हयगय केली नाही. फक्त जायचे आठ वाजता, कारण गाडीच तेव्हा मिळायची.

चौथ्या खेपेला एका आजींनी दारातच अडवलं. "बाई, तुमी उन्हं वर आल्यावर येताय. येरवाळी या, पाणी सुटतंय तवा."

साडेचारला गेले. नळ आधी नुसता फुसफुसला, मग काळपट पाणी आलं, गटाराच्या वासाचं. ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकले. क्लोरीन असता तर पिवळी छटा यायला हवी होती, ती आलीच नाही. अर्ध्या तासानं त्याच नळाचं पाणी नितळ, आणि थेंब टाकताच पिवळंधमक!

घराची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाईन गटारातून गेलेली, गंजलेल्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो आणि गटार आत ओढतो. कुणी थेट लाईनला मोटर लावली की आणखीच. गटारातून कनेक्शन देऊ नये हे देणाऱ्याला ठाऊक असतं. तरी नाल्याकाठी ते चालवून घेतात. "पहिलं पाणी सोडून द्या म्हणून सांगा लोकांना," एक साहेब म्हणाले. शेवटाला पाऊण तास पाणी येतं, त्यातलं काय सोडायचं? फिटरनं मात्र त्याच दिवशी पाईप बदलला.

हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, अंगात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. गरोदर बाईच्या तो जिवावर बेततो. आजींची सून सातव्या महिन्यात होती आणि घागर रोज पहिल्या पाण्यानंच भरत होती. माझ्या फॉर्मवर वेळेचा रकाना आहे. तिन्ही वेळा मी तो भरला होता. त्या गल्लीत पाणी कधी सुटतं, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.