शेफ्लेरा: आधी उजेड पाहा, मग पाणी घाला

शेफ्लेरा या घरात कुंडीत लावल्या जाणाऱ्या शोभेच्या झाडाची पानं गळायला लागली की पहिल्यांदा हात जातो तो झारीकडे. माती आधीच ओली असेल तर हेच वाढीव पाणी झाडाला मारतं. या झाडाचा जवळजवळ प्रत्येक आजार उजेड आणि पाणी यांचा मेळ चुकल्याने होतो, म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करायला हवा.

घरात दोन प्रकार लावले जातात. मोठ्या पानांचा अॅक्टिनोफायला हा मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, तर छोट्या पानांचा अर्बोरिकोला तैवान आणि हायनानचा. मोठा प्रकार कुंडीतही दोन-अडीच मीटरपर्यंत जातो. जागा कमी असेल तर अर्बोरिकोलाच घ्यावा. तो छाटणी सोसतो आणि थोड्या कमी उजेडातही तग धरतो. ही झाडं निसर्गात कधी कधी दुसऱ्या झाडांच्या खोडावरही उगवतात, तिथे मुळांना भरपूर हवा मिळते. कुंडीत चिकट, घट्ट माती त्यांना का सोसत नाही, हे त्यावरून कळतं. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट हे मिश्रण उत्तम. कुंडीला तळाशी भोकं हवीतच.

खिडकीपासून एक-दीड मीटरच्या आत, भरपूर पण गाळून आलेला उजेड द्या. सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारचं ऊन काचेतून थेट पडलं तर पानांवर फिकट, कागदासारखे डाग येतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. उजेड कमी पडला की दोन पानांमधलं अंतर वाढतं, देठ लांबतात, झाड खिडकीकडे झुकतं. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवली तर आकार सरळ राहतो. पिवळी-पांढरी नक्षी असलेल्या जातींना जास्त उजेड लागतो, कारण त्यांच्या पानांत हरितद्रव्य कमी असतं. अशा झाडाला संपूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती बुडापासून काढा. ती जोमाने वाढते आणि बाकीच्या फांद्यांना मागे टाकते.

आता पाणी. ‘आठवड्यातून दोनदा’ असला नियम इथे कामाचा नाही. झाड पाणी किती ओढतं हे उजेडावर ठरतं. त्यामुळे तीच कुंडी खिडकीपाशी चार दिवसांत सुकेल आणि खोलीच्या कोपऱ्यात दोन आठवडे ओली राहील. बोट दोन पेरं आत घाला. तिथे कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत. ताटलीत साचलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांनी ओतून टाका. रोज कपभर पाणी घालण्याची सवय सर्वांत वाईट. वरचा थर कायम ओला राहतो आणि खालची मुळं तहानलेली.

पानं काय सांगतात ते नीट बघा. खालची पानं पिवळी, टोकं काळी आणि माती ओली असेल तर मुळं कुजताहेत. पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) सुरकुतल्या, कडा कुरकुरीत आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली तर तहान. हिरवीगार पानंच टपाटप गळली तर गारठा, एसीचा थेट झोत किंवा नुकतीच बदललेली जागा हे कारण असतं. तापमान 13 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. पानाच्या मागे बुचासारखे खरखरीत फोड दिसले तर तो रोग समजून फवारणी करू नका. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून बाहेर पडलं नाही की पेशी फुटून ते येतात. पाणी कमी आणि उजेड जास्त, एवढाच त्यावर उपाय.

कूज झाल्याची शंका असेल तर झाड कुंडीतून काढाच. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की बाहेरचं साल सुटून हातात येतं आणि आत नुसता दोरा उरतो. अशी सगळी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, उरलेल्या मुळांच्या मापाची लहान कुंडी घ्या, नवं मिश्रण भरा आणि वरचा एक तृतीयांश भाग छाटा. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका. एरवी वाढीच्या काळात महिन्यातून एकदा पातळ खत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, पुरेसं होतं.

पानं चिकट लागली तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण हे रस शोषणारे बारीक किडे शोधा. मागची मधली शीर आणि देठाचे सांधे या त्यांच्या जागा. बारीक जाळी आणि फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी, तो कोरड्या हवेत वाढतो. आधी ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि 1-2 मिली सौम्य द्रवसाबण मिसळून पानांच्या मागून फवारा. अंडी वाचतात, म्हणून सात दिवसांच्या अंतराने तीनदा करावं लागतं.

झाड दाट हवं असेल तर शेंडा खुडा. पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, वर अर्धा-एक सेंटीमीटर कापलं की खालचे डोळे (नवे कोंब येण्याच्या जागा) फुटतात. छाटलेला 10 ते 15 सेंटीमीटरचा शेंडा ओलसर परलाइटमध्ये, वरची दोनच पानं ठेवून लावा. उबेत साधारण दीड-दोन महिन्यांत मुळं धरतो. नुसतं पान देठासकट लावलं तर मुळं येतात, पण डोळा नसल्याने त्याचं झाड होत नाही. कापताना हातमोजे घाला, चीक त्वचेला खाज आणतो. पानं चघळली तर तोंडाची आग होते, त्यामुळे मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल घरात असेल तर कुंडी उंचावर आणि छाटलेली पानं लगेच कचऱ्यात.