पीएचडीला गणित किती लागलं? माझा अनुभव

इंजिनिअरिंगला गणिताचे सगळे पेपर चांगल्या मार्कांनी सुटले होते, त्यामुळे पीएचडीला लागताना गणिताची धास्ती नव्हती. लाप्लास ट्रान्सफॉर्म, डिफरन्शिअल इक्वेशन्स, सगळं तोंडपाठ. त्यातलं बरंचसं पुढे हातानं सोडवायची वेळ एकदाही आली नाही. गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी.

माझा विषय उष्णतावहन. धातूच्या ठोकळ्यात आत बसवलेल्या थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) नोंदींवरून पृष्ठभागावर किती उष्णता येतेय ते काढायचं, म्हणजे परिणामावरून कारणाकडे उलटं जायचं. प्रोग्रॅम चालवला तर आलेख करवतीच्या दातांसारखा! एका क्षणी उष्णता आत शिरतेय, पुढच्याच क्षणी तितकीच बाहेर पडतेय. कोडमध्येच चूक असणार, असं धरून मी सात महिने ओळ न् ओळ तपासली. थर्मोकपलही बदलले. फरक शून्य.

शेवटी गणितात संशोधन करणाऱ्या मैत्रिणीला तो आलेख दाखवला. ती म्हणाली, "कंडिशन नंबर बघितलास का?" मी गप्प. डेटातली बारीक चूक उत्तरात किती पट फुगू शकते, ते हा आकडा सांगतो. तिनं कागदावर दोन समीकरणं लिहिली: क्ष + य = २ आणि क्ष + १.००१य = २.००१. उत्तर सरळ, दोन्ही १. मग तिनं २.००१ खोडून २.००२ केलं. "आता सोडव." क्ष आला ०, य आला २. तिसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक, आणि उत्तर पार दुसरंच. माझ्या कोडमध्ये चूक नव्हतीच.

कारण भौतिकीतच होतं. पृष्ठभागावरचे भराभर होणारे चढउतार थर्मोकपलपर्यंत पोचेतो जवळजवळ विरून जातात. ते परत मिळवायला गेलं की मोजमापातली बारीक चूक शेकडो पटींनी फुगते. डेटा जरासा हलला तर उत्तरही जरासंच हलावं, ही अट फ्रेंच गणितज्ञ आदामार यांनी केव्हाच मांडली होती. माझा प्रश्न तिच्यात बसत नव्हता.

मग चार महिने लिनिअर अल्जिब्रा पहिल्यापासून केलं, मुख्यतः सिंग्युलर व्हॅल्यूज, म्हणजे मॅट्रिक्स कुठल्या दिशेला किती ताणते किंवा दाबते ते सांगणारे आकडे. परीक्षेसाठी मी डिटरमिनंट काढायला शिकलो होतो. मॅट्रिक्स नेमकं करते काय, हे आत्ता कुठे कळलं. रशियन गणितज्ञ तिखोनोव्ह यांची रेग्युलरायझेशनची पद्धत वापरली, म्हणजे उत्तरातल्या अवाजवी चढउतारांना लगाम घातला (तो किती घट्ट, हे एक आकडा ठरवतो), आणि आलेखाला एकच गुळगुळीत उंचवटा आला. तो बघून मी किती वेळ नुसता बसून होतो.

संख्याशास्त्राचं मात्र वाईट वाटतं. ते आधीच मन लावून करायला हवं होतं. प्रयोग करणाऱ्याला माझ्या मते लिनिअर अल्जिब्रा आणि संख्याशास्त्र हे दोन टाळताच येत नाहीत. सैद्धांतिक भौतिकीत जाणाऱ्यांची गरज अर्थात कितीतरी जास्त. बाकीचं अडेल तेव्हा शिकता येतं, पण अडलंय ते गणितात, हे ओळखता तरी यायला हवं. माझे सात महिने त्यातच गेले.

तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, रेग्युलरायझेशनचा आकडा कसा ठरवलात? मी खडू घेतला आणि फळ्यावर तीच दोन समीकरणं लिहिली.