पानं सगळी होती

इंदूरच्या एका मराठी लायब्ररीत मी बारा वर्षं काउंटरवर आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर वाचत बसतो. अहो कुठलं वाचन, पुस्तक परत आलं की आधी ते झटकायचं (पोह्याचे दाणे, बसची तिकिटं, एकदा तर चक्क ब्लाउजचं माप निघालं), मग शिक्क्याचं पान बघायचं, मग मोकळी पानं. दोन मिनिटांत फाटकं पुस्तक ओळखते मी, याचा मला गर्व होता. होता.

गेल्या पावसाळ्यात आमचे एक रिटायर्ड काका अरुण साधूंची 'सिंहासन' ही राजकारणावरची कादंबरी घेऊन तणतणत आले. म्हणे पानं फाडलीत कुणीतरी, पिक्चर मी तीनदा पाहिलाय, त्यातला निम्मा भाग ह्यात नाहीच! आता ही प्रत जुनी, दोनदा बांधलेली, आणि बाइंडरने (शंभर वेळा सांगितलंय त्याला, कटिंग कमी घे, ऐकेल तर शपथ) पान नंबरच कापून टाकलेले, त्यामुळे मोजून तपासायची सोय नाही. काकांच्या आधी पुस्तक नेलं होतं कॉलेजच्या एका मुलाने, नवीनच मेंबर, शाळा हिंदीत झालेली, अडखळत मराठी वाचायचा. त्याच्या डिपॉझिटमधून तीनशे कापले. तो एवढंच म्हणाला, ताई मी नाही फाडली. सगळे असंच म्हणतात. नंतर तो आलाच नाही.

मार्चमध्ये स्टॉक चेकिंगला ती प्रत हातात आली, रद्दीत टाकायच्या आधी म्हटलं बघू तरी किती पानं गेलीत. नंबर नसले की एकच उपाय, पानाच्या शेवटी अर्धं राहिलेलं वाक्य पुढच्या पानावर जुळतं का बघायचं. एक जुळलं, दुसरं जुळलं, असं करत पुस्तक संपलं, एकही वाक्य तुटलं नाही. पोटात गोळाच आला.

मग घरी जाऊन पिक्चर लावला. १९७९ चा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि नावं येतात तिथेच उत्तर. जब्बार पटेलांचा तो सिनेमा 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आहे, पटकथेत दोन्ही एकत्र विणल्यात विजय तेंडुलकरांनी. म्हणजे काकांचा 'गायब' भाग आमच्याच दुसऱ्या कपाटात उभा होता, पाच वर्षांत कुणी नेलेला नाही. तीनदा पाहून काकांना ते दिसलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही कारण दोन्हीपैकी एकही मी वाचलेली नव्हती. लायब्ररीवाली!

आता वाचल्यात. खरं सांगू, कोण कोणाला का विकला जातोय ते पुस्तकात नीट कळतं, पिक्चर फार भरभर पळतो, माणसं लक्षात ठेवता ठेवता दमछाक होते. पण निळू फुल्यांचा तो पत्रकार, दिगू टिपणीस, सगळ्यांचं ऐकून घेतो आणि शेवटी वेड लागल्यासारखा हसत सुटतो, तो चेहरा कागदावर कुठून आणणार? मी दोनदा मागे घेऊन पाहिला.

कमिटीला पैसे परत करायचं म्हटलं तर उत्तर आलं, पावती फाडून झाली, वर्ष क्लोज झालं. ह्याच लोकांची भाषणं ऐकायची, की तरुण पोरं मराठी वाचत नाहीत म्हणून.

शेवटी पाकिटात स्वतःचे तीनशे घातले आणि मुलाच्या फॉर्मवरच्या नंबरवर फोन केला. आईने उचलला. तो नोकरीला बाहेरगावी गेलाय. मी सगळं सांगितलं, त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तो सांगत होता हो, मी नाही फाडली म्हणून. मीच ओरडले त्याला, म्हटलं लायब्ररीच्या ताई कशाला खोटं बोलतील?"