बाईंचा ॲड्रेनलिनचा तास

स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहावे असे मनात होते. परंतु लिहायला बसल्यावर जीवशास्त्राच्या बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. त्यांचे नाव लिहिण्याची गरज नाही, कारण आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की त्याच डोळ्यांपुढे येतात.

एका पावसाळ्यात दहावीचा तास चालू असताना प्रयोगशाळेच्या ओट्याखालून धामण निघाली आणि एकच पळापळ झाली. शिपाईमामांनी तिला मागच्या बांधाकडे घालवल्यावर बाईंनी आम्हाला मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायला लावली आणि नेमलेला धडा बाजूला ठेवून ॲड्रेनलिन शिकवायला घेतले. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून हे संप्रेरक रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढवते, यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनचे ग्लुकोज, म्हणजे साखर, करवते, एवढे सांगून त्यांनी विचारले, “पण ते यकृताच्या पेशीत शिरतच नाही, मग आतले काम सुरू कोण करतो?”

उत्तरादाखल त्यांनी अर्ल सदरलंड या शास्त्रज्ञाचा प्रयोग फळ्यावर मांडला. वाटून बारीक केलेल्या यकृतातून पेशीपटलांचे, म्हणजे पेशींच्या बाहेरच्या पातळ आवरणांचे, तुकडे वेगळे काढले, तर उरलेल्या द्रवावर ॲड्रेनलिनचा परिणाम होत नसे. मात्र त्या तुकड्यांवर आधी ॲड्रेनलिनची क्रिया होऊ देऊन मिळालेला अर्क उकळून त्याच द्रवात मिसळला, की ग्लायकोजेन फोडणारे विकर (एन्झाइम) कामाला लागे. उकळूनही टिकणारा तो छोटा रेणू म्हणजे चक्रीय एएमपी. “निरोप्या उंबरठ्यावरूनच परत जातो, घरात बातमी दुसराच नेतो,” असे बाई म्हणाल्या. या शोधाला १९७१ चे नोबेल मिळाले होते. पेशीपटलावर ॲड्रेनलिन जिथे चिकटते त्या रिसेप्टरपासून चक्रीय एएमपी बनवणाऱ्या विकरापर्यंत निरोप कसा पोहोचतो, हे आपल्याजवळच्या पुस्तकात नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

आज मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो, ते त्या तासामुळेच. मधला दुवा पेशीपटलाच्या आतल्या बाजूच्या जी-प्रथिनाचा निघाला, आणि त्यासाठी १९९४ मध्ये गिलमन व रॉडबेल यांना नोबेल मिळाले. पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेल्या रिसेप्टरला बाहेरून ॲड्रेनलिन चिकटले, की त्याची आतली बाजू आकार बदलते. तिथले जी-प्रथिन आपल्याला चिकटलेला जीडीपी हा छोटा रेणू सोडून त्याच्या जागी जीटीपी हा रेणू घेते आणि त्याचा एक भाग सुटून चक्रीय एएमपी बनवणाऱ्या विकराला चालना देतो. रिसेप्टर आणि जी-प्रथिन एकमेकांना धरून असलेली रचना ब्रायन कोबिल्का या शास्त्रज्ञाच्या गटाने २०११ मध्ये स्फटिकरूपात पाहिली. ते चित्र बाईंना दाखवता आले नाही, ही खंत मला कायम राहील.

पटकीच्या (कॉलराच्या) जंतूंचे विष हेच जी-प्रथिन आतड्याच्या पेशींत चालू अवस्थेत अडकवून ठेवते, म्हणून रोग्याच्या अंगातले पाणी आणि क्षार वाहून जातात. प्रवेशपरीक्षांच्या तयारीत वाढलेली आजची मुले ही सारी साखळी बाणांसह बिनचूक काढतात, पण हे कुणाला कसे कळले, असे क्वचितच विचारतात. म्हणून पहिल्या तासाला मी आकृती काढत नाही. सदरलंड यांचा प्रयोग मांडतो, आणि तो अर्क उकळण्याची गरज काय होती, हे मुलांकडूनच वदवून घेतल्याशिवाय पुढे जात नाही.