तुम्ही विचारलंत म्हणून : पैसे कुणाला द्यायचे, हे ठरवता कसं?

लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, समाजकार्य शिकणाऱ्या मुलींच्या वर्गात एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. 'ताई, देशोदेशीच्या बायकांच्या संघटनांना निधी मिळवून देण्यात तुमची पंचवीस वर्षं गेली. पण कुणाला द्यायचे, हे ठरवता कसं?'

सुरुवात लालबागच्या आमच्या खोलीपासून करावी लागेल. आई गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. जेवणारे पगार झाला की पैसे द्यायचे, तोवर वाण्याकडे उधारी आणि उधारीवर व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही, बायकाच एकमेकींना जामीन. आईने त्या पैशातून पहिल्यांदा तांदळाचं पोतं रोखीने आणलं. तिला स्वयंपाक शिकवायला कुणी आलं नाही. तो तिला येतच होता, अडत होतं ते पैशापाशी.

हे डोळ्यांनी पाहिलेलं असूनही नोकरीला लागल्यावर मी चुकले. गोवंडीतला एक गट मारहाण झालेल्या बायकांबरोबर रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात जायचा. त्यांनी खोलीचं भाडं आणि दोघींचा पगार मागितला. आमच्या नियमांत भाडं बसत नव्हतं, प्रशिक्षण बसत होतं. मी त्यांना प्रशिक्षणाचा प्रस्ताव लिहायला लावला. त्यांनी लिहिला, शिबिरं घेतली, फोटो पाठवले. त्याच वर्षी खोली सुटली. मध्यरात्री जे दार ठोठावता यायचं, ते दारच राहिलं नाही. मी वरिष्ठांशी भांडायला हवं होतं. भांडले नाही, याची खंत आजही आहे.

त्यानंतर मी दुसऱ्यांच्या रीती बारकाईने पाहू लागले. १९८७ मध्ये अ‍ॅन फर्थ मरे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी कॅलिफोर्नियात ग्लोबल फंड फॉर विमेन हा देशोदेशीच्या बायकांच्या गटांना पैसे देणारा निधी सुरू केला. अर्ज कुठल्याही भाषेत चालेल, असं त्यांनी ठरवलं. इंग्रजी न येणाऱ्या बाईसाठी केवढी मोठी गोष्ट होती ती! १९९६ ते २०१० या काळात कविता रामदास तिथे प्रमुख होत्या. (नौदलप्रमुख होऊन पुढे अलिबागजवळ स्थायिक झालेल्या अ‍ॅडमिरल रामदासांच्या या कन्या, म्हणून आम्हा मुंबईकरांना जरा जास्तच जवळच्या.) अफगाणिस्तानात तालिबानच्या पहिल्या राजवटीत मुलींच्या शाळा लपूनछपून चालवणाऱ्या सकीना याकूबींच्या संस्थेला या फंडाने आधार दिला. कुठल्या गल्लीत, कुणाच्या घरात वर्ग भरवायचा, हे काबूलमधल्या बाईलाच कळणार. पैसे देणाऱ्याने ते सांगायला जाऊ नये.

हे सगळं अमेरिकेचं वेड, असं कुणी म्हटलं की मी चौपाटीची आठवण देते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, गावोगाव बोलल्या. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं खर्च उचलण्याचं मान्य केलं. ११ मार्च १८८९ ला चौपाटीवर शारदा सदन उघडलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे. दहा वर्षं! आज बहुतेक गटांना वर्षभराचा निधी मिळतो, आणि त्यातले तीन महिने पुढच्या अर्जात जातात.

आपल्याकडे २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला. परदेशी पैसा घेतलेली संस्था तो आता दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हिशेब मागावा, कडक मागावा, माझी तक्रार नाही. पण स्वतः परदेशी अर्ज करण्याची ताकद नसलेले वस्तीतले छोटे गट मधल्या संस्थांच्या आधारावरच उभे होते. त्यांचा हात सुटला.

म्हणून आता मी इथल्याच लोकांकडे जाते. नेपाळमध्ये रीता थापांनी १९९६ मध्ये 'तेवा' ही बायकांच्या गटांना निधी देणारी संस्था सुरू केली ती नेपाळी माणसांच्याच देणग्यांवर काम उभं करायचं म्हणून. ते मनात असतं. दादर-पार्ल्यातले लोक शिलाई मशीन द्यायला लगेच तयार होतात. भाड्याचं नाव काढलं की गप्प होतात. मग मी त्यांना गोवंडीची गोष्ट सांगते.

तर ठरवते ते असं : काम आधीपासून कोण करतंय, ते जाऊन बघायचं. मग 'काय अडलंय?' एवढंच विचारायचं आणि उत्तर येईल त्यावर विश्वास ठेवायचा. परवा मानखुर्दच्या एका गटाला विचारलं. म्हणाल्या, 'ताई, संडासाचं दार मोडलंय. बायका तक्रार सांगायला येतात, तीन-तीन तास बसतात, आणि मधेच उठून घरी जातात.' सोमवारी दाराचे पैसे पाठवले.